सिरिल बार्टनची आठवण

महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बाँबफेकी वैमानिकांचा विषय निघाला की चर्चा आकड्यांवर आणि बेचिराख शहरांवर येऊन थांबते. ती व्हायलाच हवी. पण त्या आकड्यांत एक सिरिल बार्टनही होता. ३० मार्च १९४४च्या रात्री जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरावरील हल्ल्यासाठी निघालेल्या त्याच्या हॅलिफॅक्स विमानावर वाटेत शत्रूने गोळीबार केला, एक इंजिन निकामी झाले, परस्परांशी बोलण्याची यंत्रणा तुटली आणि संकेताचा गैरसमज होऊन दिशादर्शकासह तिघांनी हवाई छत्रीने उड्या घेतल्या. तरीही लक्ष्य गाठून बाँब टाकल्यावर बार्टनने दिशादर्शकाविना विमान इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणले, आणि इंधन संपत आले असताना घरे टाळण्याचा प्रयत्न करीत ते रायहोपच्या कोळसा खाणीजवळ उतरवले. उरलेले तिघे सहकारी वाचले, तो वाचला नाही. वय अवघे २२ वर्षे! मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. त्याच अपघातात एक खाण कामगारही दगावला. बार्टनला अभिवादन करताना त्या कामगाराचेही स्मरण व्हावे, असे मला मनापासून वाटते.

— एक वाचक, पुणे