जोगजा एका दिवसात उरकू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला इंडोनेशियावरचा लेख वाचला. बालीचं वर्णन झक्कास, फोटो पण मस्त, पण शेवटाला जे एक वाक्य टाकलंय ना की वेळ असेल तर बालीहून सकाळच्या विमानाने जावा बेटावरच्या योग्यकार्ताला जाऊन बोरोबुदुरचा मोठा बौद्ध स्तूप बघून रात्री परत येता येतं, ते वाचून काही राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाइप करतोय, काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. हे दुखणं आम्हा जळगावकरांना चांगलंच माहिती आहे भो. जगभरातून लोक जळगाव स्टेशनवर उतरतात, गाडी करतात, साठेक किलोमीटरवर अजिंठा बघतात आणि संध्याकाळी परत येऊन रात्रीची ट्रेन पकडतात. भरीत खाल्लं का, नाही. मनुदेवी, पाटणादेवी, उनपदेवचं गरम पाणी, कोणी थांबतच नाही तर दाखवणार कोणाला. त्यांच्या लेखी जळगाव म्हणजे अजिंठ्याचं स्टेशन, आणि तुमच्या लेखाने जोगजाला बोरोबुदुरचं स्टेशन करून टाकलं. (योग्यकार्ताला तिथले लोक नुसतं जोगजा म्हणतात. नाव अयोध्येवरून आलंय म्हणे.)

आम्ही गेलो ते मे महिन्यात, इकडे पारा ४५ च्या वर, तिकडे छान पावसाळा संपलेला. मी, आमची मंडळी, पुण्याला नोकरी करणारी मुलगी, आणि धुळ्याचे साडूभाऊ जोडीने. बुकिंग सगळं मुलीने केलं. मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून थेट जोगजा, विमानतळ गावापासून बराच लांब कुलोन प्रोगोला आहे पण खाली उतरलं की ट्रेन मिळते ती पाऊण तासाच्या आत तुगू स्टेशनला म्हणजे गावाच्या मधोमध आणून सोडते. आपल्याला व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया. आकडा ऐकून साडूभाऊंनी पाकीट छातीशी धरलं होतं, पण त्यांचे शून्य फार असतात, एक रुपयाला पावणेदोनशेच्या वर रुपिया येतात. चार दिवस आम्ही सगळे करोडपती होतो.

बोरोबुदुर बघायचंच, त्यात वादच नाही. नवव्या शतकातलं बांधकाम, चुना नाही सिमेंट नाही, ज्वालामुखीच्या दगडाचे ठोकळे एकमेकांत बसवत नेलेत, वर ७२ जाळीदार स्तूप, बुद्धाच्या मूर्ती ५०४. पण आम्हाला तिथे वेगळंच काहीतरी वाटत होतं, कारण भिंतीवर कोरलेल्या त्याच जातककथा, हत्तीच्या माकडाच्या जन्मातला बुद्ध, ज्या लहानपणी शाळेच्या सहलीत अजिंठ्याला टॉर्चच्या उजेडात बघितल्या होत्या. अजिंठ्याला २ नंबरच्या लेण्यात जहाज आहे बघा, इथेही शिडाची जहाजं कोरलीत आणि त्यावरून खरोखरचं एक जहाज बांधून लोक २००३ मध्ये पार आफ्रिकेला निघाले, ते आता तिथल्याच म्युझियममध्ये ठेवलंय. झाडीत हरवलेलं बोरोबुदुर तेव्हा जावाचा कारभार बघणाऱ्या इंग्रज रॅफल्स साहेबाच्या कानावर गेलं १८१४ मध्ये, आणि आपल्या वाघूरच्या दरीत शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला लेणी दिसली १८१९ मध्ये. पाच वर्षांचा फरक. दोन्हीकडे गावातल्या लोकांना ते आधीपासून माहिती असणारच, पण सापडलं कोणाला तर साहेबाला, असो.

वर चढायचं तिकीट वेगळं आणि वेळ ठरवून आधी घ्यावं लागतं, दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात आणि गाईडबरोबरच जायचं. पायात त्यांनीच दिलेली विणलेली चप्पल घालायची, दगड झिजू नये म्हणून. त्या चपलेला म्हणतात उपानत. आमच्या साडूभाऊंनी शाळेत संस्कृत घेतलं होतं, ते जागेवर ओरडले, अरे हे तर उपानह! परदेशी माणसाला तिकीट बरंच जास्त आहे, पण अजिंठ्याला आपल्याला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० आहेत, तेव्हा आपण कुठल्या तोंडाने बोलणार.

तर हे झालं बोरोबुदुर, पहाटे निघालात तर दुपारी जेवायला गावात परत. खरा मुद्दा त्यापुढचा आहे. तिथे सूर्य मावळतो साडेपाचला. साडेपाचला अंधार आणि गाव झोपतं अकरा-बाराला, म्हणजे संध्याकाळ सहा तासांची. बालीहून सकाळी येऊन रात्री परत जाणाऱ्या माणसाच्या हाती जोगजाची ही संध्याकाळच लागत नाही, आणि जोगजा म्हणजे संध्याकाळच आहे हो.

मालिओबोरो म्हणून मोठा रस्ता आहे, तुगू स्टेशनपासून राजवाड्याकडे जाणारा. आम्ही होतो तेव्हा संध्याकाळी त्यावर गाड्या बंद करायचे, मग नुसती माणसं, सायकल रिक्षा आणि चारचाकी टांगे. सायकल रिक्षाला बेचाक म्हणतात, त्यात चालवणारा मागे आणि आपण पुढे, समोर काहीच नाही, ट्रक आला तर पहिले आपणच. आमच्या मंडळीने पूर्ण रस्ता डोळे मिटून रामरक्षा म्हटली. टांग्याला आंदोंग म्हणतात, घोडे ठेंगणे, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे बघितलेल्या माणसाला तर ते शिंगरूच वाटतील. फेरीवाले पूर्वी फुटपाथवरच बसायचे, २०२२ मध्ये त्यांना बाजूला बांधलेल्या बाजारात हलवलं, त्यामुळे चालायला जागा मोप झालीय, बाक टाकलेत, पोरं गिटार वाजवत असतात, कोणी काही विकत घ्या म्हणून मागे लागत नाही.

म्हणजे रात्री नाही लागत. दिवसा लागतात, ते सांगतो कारण आम्ही फसलो. राजवाड्याच्या रस्त्यावर एक सभ्य दिसणारा माणूस भेटला, इंग्रजी छान, म्हणे क्रातोन म्हणजे राजवाडा आज बंद आहे पण जवळच बाटिकचं प्रदर्शन आहे, आज शेवटचा दिवस. तासभर तिथे चहा पिऊन दोन चित्रं घेऊन बाहेर पडलो तर क्रातोन उघडाच होता, पण आता बंद व्हायची वेळ, तो दुपारपर्यंतच असतो. आणि तो शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी पण होता. बाटिक बघायचं तर शिकायच्या क्लासला जा, अर्ध्या दिवसाचे असतात, मुलगी आणि साळी दोघी बसल्या, छोट्या तोटीच्या चमच्याने गरम मेण कापडावर ओढायचं, मग रंगात बुडवायचं, मेण असेल तिथे रंग चढत नाही, शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढायचं. साळीने केळीचा घड काढला. वाळल्यावर तो वांग्यासारखा दिसायला लागला, तरी घरी फ्रेम करून लावलाय.

क्रातोन मग दुसऱ्या दिवशी सकाळी गाठला. १७५५ च्या तहात जुनं राज्य फुटलं तेव्हा पहिल्या सुलतानाने बांधलेला हा राजवाडा, आणि गंमत म्हणजे आजचा दहावा सुलतान त्या प्रांताचा राज्यपाल पण आहे, निवडणूक नाही काही नाही. डचांविरुद्धच्या लढ्यात १९४६ पासून देशाची राजधानी तीन-चार वर्षं इथेच होती, तेव्हाच्या सुलतानाने साथ दिली, त्याचा हा मान. आत सकाळी गामेलान चालू असतं, काशाच्या भांडी-घंटांचा अख्खा संच मांडी घालून वाजवतात. लागूनच तामान सारी, राजाच्या अंघोळीचे हौद आणि जमिनीखालची गोल मशीद, तिथले जिने बघण्यासारखे.

राजवाड्याच्या मागे दक्षिणेला मोठं मैदान आहे, त्यात मधोमध दोन वडाची झाडं. डोळ्याला पट्टी बांधून दोन्ही झाडांच्या मधून सरळ जायचं, जो पार गेला त्याचं मन साफ. पट्टी तिथे भाड्याने मिळते, थोड्याशा पैशात. एवढाच खेळ, पण रात्री अर्धं गाव तिथे, कॉलेजची पोरं, म्हाताऱ्या बाया, लहान लेकरं, सगळे आंधळ्यासारखे चालतायत आणि बाकीचे पोट धरून हसतायत. रंगीत लाइटच्या पायडलच्या गाड्या फिरतात, त्यात अख्खं कुटुंब बसून पायडल मारतं. मी वीस पावलात डावीकडे वळून मक्याच्या कणसाच्या गाडीवर आदळलो. साडूभाऊ गोल फिरून जिथून निघाले तिथेच आले. आमची मंडळी मात्र सरळ रेषेत पार, आणि तेव्हापासून घरात काही वाद झाला की वडाच्या झाडाचा दाखला निघतो.

प्रांबाननची जुनी हिंदू देवळं बघायला आम्ही मुद्दाम दुपारी उशिरा गेलो, मालिओबोरोवरून सिटी बस जाते, सतरा किलोमीटर. मुख्य शंकराचं देऊळ ४७ मीटर उंच, बाजूला ब्रह्मा आणि विष्णू, समोर नंदी, शंकराच्या देवळातच गणपती, अगस्ती आणि दुर्गा. एकूण देवळं मूळची २४०, बहुतेकांचे अजून दगडांचे ढीग आहेत, वर २००६ च्या भूकंपात उभी होती ती पण खिळखिळी झाली. दुर्गेच्या मूर्तीची गोष्ट ऐका. राजकन्येने मागणी घालणाऱ्या राजपुत्राला लग्नाला अट घातली एका रात्रीत हजार देवळं बांध, त्याने भुतं कामाला लावून ९९९ बांधली, मग हिने गावातल्या बायांना उठवून भात कांडायला लावला, पूर्वेला जाळ पेटवला, कोंबडे आरवले, भुतं पळाली, आणि त्याने चिडून हिलाच हजारावी मूर्ती केली. आता मला सांगा, आपल्याकडे प्रत्येक हेमाडपंती देवळाबद्दल हेच ऐकलंय का नाही, पांडव एका रात्रीत बांधत होते, कोंबडं आरवलं आणि कळस राहून गेला! कोंबडा दोन्हीकडे सारखाच आगाऊ.

अंधार पडला की तिथेच उघड्या स्टेजवर रामायण, मागे उजेडात ती देवळं. १९६१ पासून चालू आहे, संवाद एक पण नाही, नुसता नाच आणि गामेलान, तरी आम्हाला सगळं समजत होतं आणि शेजारचे युरोपवाले कागद वाचत होते. हनुमान लंका जाळतो तेव्हा खरोखरचा जाळ करतात. कलाकार बहुतेक मुसलमान, हे मुद्दाम लिहितो. उघड्यावरचा खेळ साधारण मे ते ऑक्टोबर, पावसाळ्यात आत हॉलमध्ये करतात.

खाण्याचं सांगायला पाहिजे, विशेषतः शाकाहारी मंडळींना. तिथली शान म्हणजे गुदेग, कोवळा फणस ताडगूळ आणि नारळाच्या दुधात तासन् तास शिजवतात. साडूभाऊंनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, हाई भाजी शे का शिरा? तिखट हवं असेल तर सांबल म्हणजे मिरचीची चटणी, पण त्यात बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते आणि गुदेगबरोबर जो क्रेचेक वाढतात तो जनावराच्या चामडीचा, तेव्हा आधी विचारा. आम्ही शेवटी लोतेकवर सेट झालो, उकडलेल्या भाज्यांवर ताज्या कुटलेल्या शेंगदाण्याचा रस्सा, बरोबर नेलेली लसणाची चटणी वर टाकली की आपलंच जेवण. रस्त्यावर केळीची भजी मिळतात, पिसांग गोरेंग. केळ वेगळं, जाड सालीचं, तळल्यावर लगदा होत नाही, मी गाडीवाल्याकडून एक न तळलेलं मागून सोलून बघितलं, तो बिचारा बघतच राहिला. साखरेला ते गुला म्हणतात, काचेला काचा. हातगाडीवर कोळशाच्या शेगडीवर तीन किटल्या, पानात बांधलेला मूठभर भात, आणि स्टेशनजवळ कॉफीत चक्क लालभडक निखारा टाकून देतात, चर्र आवाज येतो, कोपी जोस त्याचं नाव. चटईवर मांडी घालून रात्री अकरापर्यंत बसलो, पाच जणांचं बिल आपल्याकडच्या एका शेवभाजीच्या ताटाएवढं.

शेवटच्या दिवशी मेरापी ज्वालामुखी. जीपने वर नेतात, २०१० च्या उद्रेकात तिथे साडेतीनशेवर माणसं गेली. एका जळालेल्या घराचंच म्युझियम केलंय, गुरांचे सांगाडे, वितळलेली भांडी, त्या वेळेला थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ. जीपमध्ये येताना पाचही जण गप्प होतो. पण खाली उतरलो तर काळीभोर माती आणि त्यात मिरची, भात, केळी डोलतायत, त्याच राखेवर. मी मूठभर माती हातात घेऊन बघितली. आपली काळी पण लाव्हाचीच की, फक्त आपला ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांमागे शांत झाला.

तेव्हा संपादक साहेब, पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापा, की जोगजाला निदान चार रात्री राहा. आणि हे पण लिहा की सोमवार धरून प्लॅन करू नका, आम्ही गेलो तेव्हा सोमवारी बोरोबुदुरला वर सोडत नव्हते. अजिंठा पण सोमवारीच बंद असतो.

आपला नेहमीचा वाचक,
यावल तालुका, जि. जळगाव