सात मेगाहर्ट्झवर रुमाल टाकता येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात सिंहस्थाच्या तयारीसंबंधी एका वाचकबंधूंचं पत्र आलं होतं. गर्दीत मोबाइलचं जाळं कोलमडतं, म्हणून हॅम रेडिओचालकांना (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर संपर्क साधणाऱ्यांना) आधीच हाताशी धरा, ही त्यांची सूचना शंभर टक्के रास्त आहे. पण पुढे त्यांनी मागणी केली आहे की ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर (फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर) एक फ्रिक्वेन्सी 'फक्त नाशिकसाठी' राखून ठेवावी आणि तिथे दुसऱ्या कोणाला येऊ देऊ नये. मी स्वतः परवानाधारक हॅम आहे आणि खालच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या, बँडवरच जास्त रमतो, म्हणून हे पत्र.

ही मागणी मान्य करणं कोणाच्याच हातात नाही. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही परवाने देणारी शाखा आम्हाला कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) देते आणि ठरलेले बँड वापरायची मुभा देते. त्या बँडमधली एखादी फ्रिक्वेन्सी कोणाच्या नावावर होत नाही. माझ्या नाही, क्लबच्या नाही, जिल्ह्याच्या तर नाहीच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं इथे चालत नाही.

वाचकांना वाटेल, एवढ्या मोठ्या आकाशात एक फ्रिक्वेन्सी द्यायला काय जातंय? तर आकाश मोठं आहे, बँड नाही. आपल्याकडे हा बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, म्हणजे सगळे मिळून २०० किलोहर्ट्झ. एका बोलण्याला साधारण ३ किलोहर्ट्झ लागतात. एकाला एक खेटून बसवली तरी सहासष्ट संभाषणं. त्यातून खालचा पट्टा मोर्स आणि डिजिटलवाल्यांसाठी सोडायचा असतो. उरलेल्या जागेत दिवसा आख्खा भारत आणि अंधार पडल्यावर आख्खं जग.

हे 'आख्खं जग' अतिशयोक्ती म्हणून लिहिलेलं नाही. दिवसा वातावरणातला खालचा आयनीभूत थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे पुणे, नागपूर, हैदराबाद असा घरगुती पल्ला मिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि तीच लहर वरच्या थरावरून उड्या मारत खंड ओलांडते. गंमत म्हणजे त्याच वेळी शेजारची मुंबई कधी कधी अजिबात ऐकू येत नाही! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं आणि आपलं घड्याळ हिवाळ्यात साडेदहा तासांनी वेगळं, म्हणजे जवळजवळ उलटं. नाशिकला सहाला दिवेलागण होते तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात. आपण सकाळी सातला कुडकुडत चहा घेतो तेव्हा तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. संध्याकाळी दोन्ही टोकांना अंधार-उजेडाची सीमा असते, सकाळी आपल्याकडे उजाडत असतं आणि तिकडे रात्र असते, आणि प्रामुख्याने अशाच वेळी तिकडचा सिग्नल कानावर येतो. सकाळचा सुटला की थेट संध्याकाळ.

बरं, सगळ्या खंडांना जागाही सारखी मिळालेली नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रेडिओपुरते जगाचे तीन भाग केले आहेत: युरोप, आफ्रिका आणि अरबस्तान पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात, आपण, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया तिसऱ्यात. समुद्रापलीकडचं मस्कत पहिल्या भागात आणि आपण तिसऱ्या, असा हा प्रकार. साडेतीन मेगाहर्ट्झच्या बँडचं वरचं टोक पहिल्या भागात ३८०० किलोहर्ट्झ, दुसऱ्यात ४०००, तिसऱ्यात ३९००. आणि त्यातही प्रत्येक देश आपापली कात्री चालवतो. सात मेगाहर्ट्झवर अमेरिकेतल्या हॅमला ७३०० पर्यंत जागा आहे, पण बोलायची परवानगी ७१२५ पासून वर. म्हणजे त्यांचा आणि आपला आवाज एकाच फ्रिक्वेन्सीवर भेटू शकतो तो फक्त ७१२५ ते ७२०० या पाऊणशे किलोहर्ट्झमध्ये.

पूर्वी तेवढाही मेळ बसत नव्हता. आपल्याकडे आणि युरोपात हा बँड ७१०० ला संपायचा आणि त्याच्या वर प्रसारण केंद्रांचे दांडगे ट्रान्समीटर गात बसलेले असायचे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ठरलं की त्यांनी ७१०० ते ७२०० हा पट्टा सोडायचा, आणि २९ मार्च २००९ ची मुदत पडली. तोवर अमेरिकेशी बोलायचं तर आपण आपल्या जागेवर बोलायचं, तो त्याच्या जागेवर, आणि दोघांनी एकमेकांच्या जागेवर कान लावायचा. जपानी हॅमना १.८ मेगाहर्ट्झवर कित्येक वर्षं १९०७.५ ते १९१२.५ एवढीच पाच किलोहर्ट्झची फट होती. त्यांच्यासाठी बाकीचं जग मुद्दाम त्या फटीत ऐकत बसे. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ १९२५ पासून काम करतो आहे. कुठल्या पट्ट्यात मोर्स, कुठे डिजिटल, कुठे बोलणं, याचे आराखडे त्याच्या प्रादेशिक संघटना करतात. बऱ्याच देशांत ते पाळले नाहीत तर दंडही होत नाही. तरी लोक पाळतात.

३ किलोहर्ट्झमध्ये काय मावतं ते ७०७४ वर ऐकावं. एफटी८ नावाची डिजिटल पद्धत २०१७ साली आली. नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ती तयार केली. पंधरा सेकंद एकाने पाठवायचं, पुढचे पंधरा ऐकायचं. एका माणसाच्या बोलण्याला लागते तेवढ्याच जागेत तिथे डझनावारी स्टेशनं पाळीपाळीने बसलेली असतात: कझाकस्तान, इंडोनेशिया, इटली. (रूक्ष प्रकार आहे, मला फारसा आवडत नाही, पण जागेचा हिशेब बिनचूक.)

आता आपल्या घरची गोष्ट. थंडीतल्या पहाटे मी बँडच्या खालच्या टोकाला मोर्स ऐकत असतो. दक्षिण अमेरिकेतलं एखादं स्टेशन 'सीक्यू' (कोणीही उत्तर द्या, अशी हाक) पाठवत असतं. इतकं बारीक, की पंखा बंद करावा लागतो. आणि बरोबर त्याच्या डोक्यावर कोणीतरी दणकन कॅरिअर (नुसती अखंड लहर) सोडून अँटेना ट्यून करू लागतो. मग "गुड मॉर्निंग ओएम (म्हणजे मित्रा), आवाज कसा येतोय?" मग तिकडे पाऊस पडला का, नवा रिग (रेडिओ सेट) केवढ्याला पडला. आपसातल्या गप्पांना माझा विरोध नाही, तेही हॅम रेडिओच आहे. पण त्याच गप्पा वर सरकून किंवा तासाभराने ऊन वर आल्यावर आणखी स्वच्छ होतात. दुसऱ्याला ती वेळ परत मिळत नाही. आणि अडवलं तर उत्तर येतं, "ही आमची नेटची (ठरलेल्या वेळी जमणाऱ्या गटाची) फ्रिक्वेन्सी आहे." मला 'राखीव' या मागणीची धास्ती वाटते ती यामुळे.

आणीबाणीत काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आपल्या भागात ३६०० आणि ७११० किलोहर्ट्झ ही आणीबाणीची केंद्रं ठरलेली आहेत. तीही राखीव नाहीत. एरवी तिथे कोणीही बोलतं, पण आपत्तीचा पुकारा झाला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांचा चमू हॅम मोहिमेसाठी अंदमानात होता. त्या दुर्मीळ बेटांशी संपर्क साधायला जगभरचे हॅम धडपडत होते, आणि बघता बघता ती मोहीम मदतकार्याचं केंद्र झाली. १९९३ च्या किल्लारी भूकंपातही हॅम धावून गेले होते. तेव्हा कोणासाठी कुठली फ्रिक्वेन्सी राखून ठेवलेली होती?

रामकुंड, तपोवन, शहरातली वाहनतळं यांच्यासाठी सात मेगाहर्ट्झची गरजच नाही. तिथे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवरचे (व्हीएचएफ) हातातले सेट आणि आलेला सिग्नल पुन्हा पुढे पाठवणारा, उंचावरचा एक रिपीटर पुरतो. खालचे बँड लागतील ते पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात, जिथे दोन डोंगरांच्या मध्ये गेलं की मोबाइलही मुका आणि व्हीएचएफही. तिथे वीस मीटरची तार चार-पाच मीटर उंचीवर आडवी बांधली की सिग्नल सरळ वर जाऊन आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतो. दिवसा ७ मेगाहर्ट्झ, रात्री ३.५, फक्त रात्रीसाठी तार दुप्पट लांब लागते.

म्हणून प्रशासनाला आणि क्लबांना माझी सूचना अशी. एका फ्रिक्वेन्सीऐवजी ७१०० च्या वरच्या पट्ट्यात तीन-चार फ्रिक्वेन्सी ठरवाव्यात. पहिल्यावर कोणी असेल तर विचारावं, उत्तर आलं तर सगळ्यांनी दुसरीवर सरकावं. हे सरकणं नव्या मुलांना आत्ताच शिकवावं. परीक्षा पास होऊन कॉलसाइन मिळालेले पण आयुष्यात कधी 'क्यूएसवाय' (फ्रिक्वेन्सी बदलणं) न केलेले ऑपरेटर मी पाहिले आहेत. सुरगाण्यात एखाद्या रविवारी दोन बांबू, तार आणि गाडीची बॅटरी घेऊन सराव करता येईल, आणि मुद्दाम संध्याकाळी करावा, बँड परदेशी स्टेशनांनी भरलेला असताना. तारेचा खर्च मी करतो, बांबूंचं मात्र स्थानिक मंडळींनी बघावं.

आपला,
एक हौशी रेडिओचालक,
गंगापूर रोड, नाशिक