मामा, त्या १५ होलसाठी मनापासून थँक्यू

मामा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "राहू दे रे, कामाचं बोल" म्हणता आणि विषय संपतो, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. भोसरीत ज्यांनी तुमच्यासोबत शिफ्ट केल्यात ते ओळखतीलच.

आमचं वर्कशॉप छोटं, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक लेथ, एक सरफेस ग्राइंडर, आणि हातात पहिल्यांदाच आलेला मोठ्या मोल्डचा जॉब. पी२० (मोल्डचं स्टील) ची प्लेट, साइडनं ६ एमएमची कूलिंगची, म्हणजे मोल्ड थंड ठेवायची होल, प्रत्येक १८० एमएम खोल, एकूण १८. म्हणजे व्यासाच्या ३० पट. साध्या ड्रिलनं ४-५ पटीपर्यंत कुणीही मारतं, १० पटीच्या पुढे गेलं की डीप होल, एवढं आयटीआयमध्ये ऐकलं होतं पण हातानं कधी केलेलं नव्हतं. आधी ट्रायलच्या तुकड्यावर लांब एचएसएस (हायस्पीड स्टीलचं) ड्रिल लावून पेकिंग करत, म्हणजे थोडं आत थोडं बाहेर करत बघितलं, एका होलला २५ मिनिटं गेली आणि वर ते पलीकडे चांगलं दीड एमएम बाजूला निघालं. मग तीन गन ड्रिल, म्हणजे खोल होलसाठीचे खास ड्रिल, मागवले. पहिलं तोंडाशीच मोडलं. दुसऱ्यानं तीन होल केली आणि चौथ्याला ९० एमएमवर टिप आत सोडून दिली. प्लेट पार्टीची, डेट पुढच्या आठवड्याची, रात्रीचे साडेदहा वाजलेले आणि मी अन् भाऊ मशीनसमोर नुसते बसून. तेव्हा आमच्या ग्राइंडिंगवाल्यानं तुमचा नंबर दिला. तुम्ही मला ओळखत पण नव्हतात, तरी म्हणालात, "मशीनला हात लावू नकोस आता, सकाळी येतो."

सकाळी आल्यावर आधी मोडलेले तुकडे मागितलेत. मग प्रोग्राम. स्क्रीनवर जी८३, म्हणजे पेकिंगचा कोड, बघून एवढंच विचारलंत, "पेकिंग कशाला?" आणि मला उत्तर देता येईना, कारण लांब ड्रिल म्हणजे पेकिंग हेच डोक्यात. मग तुम्ही ते उरलेलं तिसरं ड्रिल माझ्या हातात देऊन बोट फिरवायला लावलंत. धार एकाच बाजूला, तिच्या पलीकडे दोन गुळगुळीत पॅड, लांबीभर व्ही खाच, आणि टिपमध्ये कुलंटचं (थंड करणाऱ्या तेल-पाण्याचं) बारीक भोक. धार एकीकडे कापते, त्या जोरानं पॅड समोरच्या भिंतीवर दाबले जातात, म्हणजे ड्रिलनं आत्ताच केलेलं होल हाच त्याचा आधार. कुलंट पोटातून जातं आणि चिप, म्हणजे कापलेला धातूचा कीस, घेऊन खाचेतून बाहेर येतं. सारखं मागेपुढे केलं की सुटलेली चिप पॅडखाली जाते आणि तिथंच अडकते. एकदा घुसलं की तळापर्यंत थांबायचं नाही. बंदुकीच्या नळ्या करताना निघालेलं हे ड्रिल, त्यावरून ते नाव, हे पण तेव्हाच कळलं.

पहिलं ड्रिल का मोडलं ते तुम्ही पायलटमध्ये (गन ड्रिल शिरायला आधी मारलेल्या छोट्या होलमध्ये) पिन घालून दाखवलंत. मी पायलट साध्या हातानं धार लावलेल्या ड्रिलनं मारलं होतं, पिन आत घालून हलवली तर चक्क डुगडुगत होती. गन ड्रिलला बुश (ड्रिलला तोंडाशी धरणारी नळी) नसेल तर पायलट हाच बुश, तो ड्रिलपेक्षा एमएमच्या एक-दोन शतांशच मोठा पाहिजे आणि खोली दीड-दोन पट, आमच्या केसमध्ये ९ ते १२ एमएम. आणि मी ड्रिल फुल स्पीडवर हवेतच फिरवत आत नेत होतो! २४० एमएमचं बारीक ड्रिल हवेत ३७०० आरपीएमला सोडलं तर ते काठीसारखं फटके मारणारच, आणि मोडून कुणाच्या अंगावर आलं असतं तर, हा विचार मला अजून झोपताना येतो. आता आमच्याकडे भिंतीवर लिहिलंय: कुलंट बंद, ५० आरपीएमनं आत, पायलटच्या तळाच्या १ एमएम आधी थांबा, कुलंट चालू, प्रेशर चढू द्या, मग स्पीड, मग फीड (ड्रिल आत सरकवणं). बाहेर येताना पण आधी फीड बंद, कुलंट बंद, आरपीएम खाली, मगच ड्रिल मागे.

कुलंटचं तर तुम्ही आवाजावरून ओळखलंत. आमच्या मशीनला स्पिंडलमधून कुलंट २० बार प्रेशरनं येतं, कॅटलॉगमध्ये बघून मी खूश होतो. ६ एमएमच्या ड्रिलचं भोक एवढंसं, त्याला ६०-७० बार तरी हवं, नाहीतर चिप वर येतच नाही. पंप आणायला पैसे नव्हते, तर तुम्हीच ओळखीनं ७० बारचा भाड्यानं मिळवून दिलात, सोबत बारीक फिल्टर लावून घेतलात कारण कुलंटमधला कचरा टिपच्या भोकात बसला की खेळ खलास. कुलंटचं कॉन्सन्ट्रेशन ५ टक्के निघालं, ते १२ वर नेलं. पॅड घासतात, त्यांना तेलकटपणा लागतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं मला.

आणि तो पेपर. मामा, तो मी जपून ठेवलाय. अडकलेली टिप स्पार्कवर (विजेच्या ठिणगीनं धातू खाणाऱ्या मशीनवर) काढून झाल्यावर पहिलं होल मारलं तेव्हा तुम्ही स्क्रीनकडे बघितलंच नाही, जुन्या वर्तमानपत्रावर चिप घेत राहिलात. सुरुवातीची, मधली, शेवटची, अशी ओळीत लावलीत. वरची स्वल्पविरामासारखी आखूड, मधली पण तशीच, शेवटची जरा लांबट दोऱ्यासारखी. "इथं चिप तुटत नाहीये" म्हणत फीड एका फेरीला ०.०१५ एमएमवरून ०.०२ केलंत आणि पुढच्या होलला शेवटची चिप पण स्वल्पविराम. मिनिटाला ७५ एमएम, अडीच मिनिटात होल. जिथं आधी मारलेलं कूलिंगचं होल आडवं येतं तिथं प्रेशर पडतं म्हणून १ एमएम आधीपासून फीड निम्मा. उरलेली १५ होल त्या एकाच ड्रिलनं झाली. टॉर्च लावून आत बघितलं तर भिंत आरशासारखी, ते पॅडच दाबून गुळगुळीत करतात म्हणालात.

पूर्ण वेळ मशीनवर तुम्ही आमच्या २१ वर्षांच्या ऑपरेटरलाच उभं केलंत, स्वतः बटण दाबलं नाहीत. आता तो भिंगाखाली धार बघतो, बाहेरचा अँगल ३०, आतला २०, टोक कडेपासून व्यासाच्या चौथ्या हिश्शावर म्हणजे दीड एमएम. रीग्राइंड होऊन, म्हणजे पुन्हा धार लावून, आलेलं ड्रिल हे बघितल्याशिवाय तो लावतच नाही.

चहा पिताना तुम्ही बीटीएच्या, म्हणजे खोल होलच्या दुसऱ्या पद्धतीच्या, गोष्टी सांगितल्यात, २० एमएमच्या पुढची मोठी होल, तिथं कुलंट बाहेरून आणि चिप नळीच्या पोटातून, म्हणजे गन ड्रिलच्या बरोब्बर उलटं. लांब शाफ्टला जॉब एका दिशेनं आणि ड्रिल उलट्या दिशेनं फिरवलं तर होल सगळ्यात सरळ जातं, आणि नंतर अल्ट्रासॉनिकनं भिंतीची जाडी मोजून किती वाकलं ते बघायचं. एवढी वर्षं हे केलेला माणूस आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन दिवस उभा राहिला आणि पाकीट पुढे केलं तर घेतलं नाही. माझ्या भावाच्या डोळ्यात पाणी आलं होतं, तुम्ही गाडी काढत होतात म्हणून दिसलं नसेल.

मोल्ड गेला, पार्टीनं दुसरा दिलाय. यात ८ एमएमची होल ३०० खोल आहेत, म्हणजे साडेसदतीस पट, त्यामुळे डायरेक्ट लांब ड्रिल लावायचं धाडस होत नाहीये. विचार असा आहे की आधी पायलट, मग छोट्या गन ड्रिलनं ८० पर्यंत आणि मगच लांब ड्रिल आत. बरोबर आहे ना? रविवारी घरी असाल तर येतो, ट्रायलच्या चिप पेपरात बांधून आणतो.

तुमचा,
शेडमधला धाकटा