ओ आली नाही म्हणजे माणूस तिथं नाही असं नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जुलैत आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, वय 82, दिवेलागणीला घरातनं बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. आमचं गाव जांबोटीच्या पुढं जंगलात, जुलैचा पाऊस तिकडं कसा असतो ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. रात्री पुतण्या आणि गल्लीतली दोन पोरं बॅटऱ्या घेऊन घरामागच्या काजूच्या बागेत जाऊन आली, तात्या ओ तात्या म्हणून हाका मारल्या, ओ आली नाही, आणि सगळ्यांनी धरलं की बाग बघून झाली. मग कुणाचा तरी फोन आला की असला एक म्हातारा लोंढा स्टेशनवर बसलाय, झालं, तीन गाड्या लोंढ्याला, दोन खानापूर बसस्टँडला आणि एक थेट बेळगावला. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या सापडले कुठं, तर त्याच बागेत, घरापासून तीनशे पावलांवर, बांधाखालच्या चरीत. पाय मुरगळलेला, अंगावरचं घोंगडं भिजून दगडासारखं जड झालेलं, ओठ निळे. जिवंत होते हे देवाचे उपकार, आज बरे आहेत. कानाचं मशीन मात्र उशाशीच राहिलं होतं, आमची एकही हाक त्यांना ऐकू गेली नव्हती.

ही गोष्ट मनातनं जात नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. मी 31 वर्षं लाईनमन होतो, शोधणं हेच माझं काम. फीडर, म्हणजे गावोगावी वीज नेणारी लाईन, ट्रिप होऊन बंद पडला की आम्ही एकेक खांब बघत सुटत नाही, मधला जीओएस, म्हणजे खांबावरचा लाईन तोडायचा स्विच, ओपन करायचा, सबस्टेशनला फोन करून लाईन चार्ज करायला, म्हणजे वीज सोडायला सांगायची, लाईन टिकून उभी राहिली तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, नाही राहिली तर अलीकडच्या, मग त्या अर्ध्याचं परत अर्धं. हिशेबानं बघितलं तर 1024 खांबांतला एक खांब 10 खेपांत हाताला लागतो. पण रानात हे चालत नाही, कारण लाईन प्रत्येक वेळी खरं उत्तर देते, रान देत नाही. रानात बघितलं आणि दिसलं नाही तर तो भाग पुसून टाकायचा नसतो, तिथली शक्यता थोडी कमी धरायची आणि बाकीच्या भागांची तेवढी वाढवायची. बेझ नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचं हे गणित, तो वारल्यानंतर 1763 साली छापलेलं, आणि त्याच्यावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलासाठी बर्नार्ड कूपमन वगैरे मंडळींनी पाणबुड्या हुडकायचं एक आख्खं शास्त्र उभं केलं.

माझी मुलगी बेळगावला एम्एस्सी करते, तिनं मला एअर फ्रान्सच्या विमानाची गोष्ट सांगितली आणि ऐकताना अंगावर काटा आला. 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकमध्ये पडलं, 228 माणसं गेली. ब्लॅक बॉक्सला एक पिंगर असतो, पाण्यात पडला की महिनाभर टिकटिक आवाज देतो. जहाजांनी तो महिनाभर ऐकत शोधलं, आवाज आला नाही, म्हणून तेवढा भाग सोडून पुढची दोन वर्षं दुसरीकडंच शोध चालला. शेवटी गणितवाल्या मंडळींनी सगळा हिशेब पहिल्यापासून मांडला आणि विचारलं, पिंगरच बंद पडले असतील तर? तसं धरल्यावर शक्यता परत तिथंच येऊन बसली, विमानाचं शेवटचं ठिकाण कळलं होतं त्याच्याजवळ. 2011 च्या मार्चअखेर जहाज गेलं आणि शोध सुरू केल्यावर आठवडाभरात, एप्रिलच्या सुरुवातीला विमान सापडलं, समुद्राच्या तळाला, जवळजवळ 3900 मीटर खोल. साहेब, आमच्या तात्यांचं कानाचं मशीन आणि तो पिंगर, मला तर दोन्ही एकच वाटतं.

दुसरं म्हणजे कुणाचं ऐकायचं. 1966 मध्ये स्पेनमध्ये पालोमारेस गावावर अमेरिकेची दोन विमानं हवेत धडकली, चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले, तीन जमिनीवर सापडले, चौथा समुद्रात गेला. तो कुठं पडला हे फ्रान्सिस्को सिमो नावाच्या तिथल्या कोळ्यानं आपल्या होडीतनं बघितलं होतं, आणि बॉम्ब शेवटी त्यानं दाखवलेल्या बाजूलाच मिळाला. आमच्याकडं पण सरपण घेऊन येणाऱ्या एका वहिनींनी तात्यांना बागेकडं वळताना बघितलं होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही आणि लोंढ्याच्या एका फोनवर तीन गाड्या पळाल्या.

मुलगी म्हणते की हे प्रश्न सगळ्या शास्त्रांत आहेत. सहाराच्या वाळवंटातली एक मुंगी वारूळ चुकली की जिथं वारूळ असायला पाहिजे तिथनं गोल गोल फेऱ्या घालते, फेरी मोठी करत जाते पण प्रत्येक वेळी मधल्या जागेवर परत येते. आमच्या पोरांनी एवढंच केलं असतं तरी रात्रीच तात्या सापडले असते. पेशीत प्रोटीनला डीएनएच्या लांबलचक दोरीवर आपली नेमकी जागा शोधायची असते, तर ते थोडं दोरीवरनं घसरत बघतं, मग सुटून दुसरीकडं जाऊन बसतं, नुसतं घसरलं किंवा नुसत्या उड्या मारल्या तर वेळ जातो. अल्बट्रॉस पक्षी खाणं शोधत कसा उडतो याच्यावर 1996 साली एक फॉर्म्युला मांडला गेला, बऱ्याच लहान उड्डाणांमध्ये मधनंच एक लांब, आणि तो प्राण्यांना सगळीकडं लागू होतो असं लोक म्हणू लागले, पण 2007 मध्ये परत तपासल्यावर त्या पक्ष्याच्या आकड्यांतच चूक निघाली. म्हणून मला एकच फॉर्म्युला सगळीकडं चालवणं पटत नाही. रान वेगळं, समुद्र वेगळा, हरवलेलं म्हातारं माणूस आणि चुकलेली म्हैस पण वेगळी.

आता विनंती. आपल्याकडं दर पावसाळ्यात माणूस, जनावर रानात चुकतं, नदीला वाहून जातं, आणि शोधायला शंभर माणसं मनापासून येतात, उपाशीतापाशी अस्वलाच्या रानात शिरतात, पण सगळी त्याच वाटेनं फिरतात आणि कोण कुठं बघून आलं हे कुणी लिहून ठेवत नाही. पंचायतीत गावाचा एक नकाशा चौकटी पाडून ठेवावा, कुणी कुठल्या चौकटीत किती वाजता, किती माणसांनी, दिवसा की रात्री बघितलं ते पेन्सिलीनं लिहावं, आणि शेवटी कुणी बघितलं होतं त्याला पहिलं विचारावं. खर्च काहीच नाही. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी साहेबांनी आणि शाळेच्या गुरुजींनी मनावर घेतलं तर एका दुपारचं काम आहे. आपण रविवारच्या पुरवणीत याच्यावर सोप्या मराठीत काहीतरी छापावं, कन्नड पेपरवाल्यांना पण सांगावं, रानात कुणाची भाषा कुठली हे बघून माणूस हरवत नाही.

आमच्या गावाचा नकाशा मी काढलाय, शिवार, ओढे, चरी, काजूच्या बागा धरून 64 चौकटी. घरामागच्या बागेच्या चौकटीत तारखेसकट लिहिलंय, रात्री 9, तीन माणसं, फक्त हाका मारल्या, चरी बघितल्या नाहीत. कुणाला आपल्या गावाचा करायचा असेल तर मी येऊन काढून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त लाईनमन, ता. खानापूर, जि. बेळगाव