खाटा मोजल्या, वेदना कोणी मोजल्या? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आईला अखेरच्या दिवसांत जिथे ठेवले होते त्या खासगी शुश्रूषा केंद्राविरुद्ध तिच्या मृत्यूनंतर मी केलेल्या तक्रारीचे उत्तर गेल्या मंगळवारी टपालाने आले. तीस दिवसांत चौकशी होईल आणि चौकशीला जाणाऱ्या पथकात पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असेल, असे मला जानेवारीत लेखी कळवण्यात आले होते. उत्तर यायला त्याच्या चौपट दिवस लागले आणि त्या डॉक्टरचा पत्रात उल्लेखसुद्धा नाही. मजकूर साडेतीन ओळींचा आहे. केंद्राची नोंदणी वैध असून खाटांची संख्या, अग्निशमन व्यवस्था, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि अभिलेख नियमानुसार आढळले, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे, इतकेच त्यात म्हटले आहे. माझ्या तक्रारीत अकरा मुद्दे होते. त्यांपैकी एकही मुद्दा अग्निशमनाचा नव्हता.

केंद्राचे, शहराचे आणि तपासणी करणाऱ्या कार्यालयाचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही. एका संस्थेचे दार बंद व्हावे एवढ्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, आणि ती संस्था बंद झाली तरी तिच्या जागी येणाऱ्या दुसरीची तपासणी याच पद्धतीने होणार आहे.

माझ्या आईला पित्ताशयाचा कर्करोग होता. मुंबईच्या डॉक्टरांनी आता उपचारांनी बरे होण्यासारखे काही उरलेले नाही हे आम्हाला समोर बसवून, पुरेसा वेळ देऊन सांगितले, आणि त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. त्यांनी तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी लिहून दिल्या, रात्री झोपमोड होऊ नये म्हणून झोपतानाची मात्रा दुप्पट ठेवली, मॉर्फिनने हमखास होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी सोबत रेचक दिले, आणि दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून गोळी द्या, असे दोनदा बजावले. घरी तिला सांभाळणारी मी एकटी होते. म्हणून ११ नोव्हेंबरला आम्ही तिला आमच्या शहरातल्या एका खासगी केंद्रात दाखल केले, ज्याच्या पत्रकावर चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका आणि वेदनामुक्त अखेर यांची ग्वाही दिलेली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही सोबत नेलेल्या गोळ्या संपल्या. केंद्राकडे मॉर्फिन नव्हते. मान्यतेच्या नूतनीकरणाचा अर्ज अडकला आहे, असे सांगण्यात आले आणि त्याऐवजी ट्रॅमॅडॉल हे त्याहून सौम्य वेदनाशामक सुरू झाले. मी विरोध केला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला समजावले की मॉर्फिनची सवय लागते. जिच्या हाती काही आठवडे उरले होते, तिला सवय लागेल म्हणून! नियमित चालू असलेले मॉर्फिन एकाएकी तोडले की घाम सुटतो, जीव कासावीस होतो, पोटात कळा येतात. हे सगळे तिला झाले आणि केसपेपरवर त्याची नोंद फक्त ‘रुग्ण अस्वस्थ’ अशी आहे.

माझी आई दुखले म्हणून ओरडणारी बाई नव्हती. आमच्या लहानपणीसुद्धा फार दुखले तर ती पदराचे टोक दातांत धरायची. नातेवाइकांनी रात्री आठनंतर थांबायचे नाही, असा केंद्राचा नियम होता. भांडून मला शेवटच्या तीन रात्री थांबायची परवानगी मिळाली, आणि त्या तीन रात्रींत तिने गादीवरच्या चादरीची कड चावून चावून ओली केलेली मी पाहिली. चौदा रुग्णांच्या त्या मजल्यावर रात्री एकही परिचारिका नव्हती. एक मावशी होती, जिला कोणी काही शिकवलेले नव्हते आणि जिने तरीही माझ्या आईचा हात धरून जमेल तितका वेळ काढला. त्या मावशीचा मी जन्मभर उपकार मानीन. पण बिलात दररोज सहाशे रुपये ‘नर्सिंग चार्जेस’ म्हणून वेगळे लावलेले आहेत, ते कोणाच्या सेवेचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. प्रवेशाच्या कागदावर त्वचा अखंड असल्याचे लिहिले आहे. बाराव्या दिवशी तिच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि खोलीत शिरताच तिचा वास येत होता. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हे घरी माणूस अंथरुणाला खिळलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते.

आता अभिलेख नियमानुसार आढळले, या वाक्याकडे येते. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांत लिहिलेले आहे. मला ती दोन अर्ज करून ४१ दिवसांनी मिळाली. त्यांत वेदनेचा तक्ता आहे. शून्य ते दहा या मोजपट्टीवर सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता रुग्णाची वेदना विचारून आकडा लिहायचा असतो. माझ्या आईच्या तक्त्यावर ५६ नोंदी आहेत आणि छप्पन्नच्या छप्पन्न वेळा आकडा दोन आहे. मी चोवीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम करते. एका बैठकीत भरलेली नोंदवही ओळखायला मला कोणाची मदत लागत नाही. शाई एक, अक्षराचा कल एक, हाताचा दाब एक, आणि कुठे एक खाडाखोड नाही. शेवटची नोंद ३० नोव्हेंबरची, सकाळी सहाची आहे. वेदना: दोन. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ पहाटे ४ वाजून ४० मिनिटे अशी आहे, आणि ती बरोबर आहे, कारण मी तिच्या उशाशी होते.

हा तक्ता मी तक्रारीला जोडला होता. तो पाहूनही ज्यांना अभिलेख नियमानुसार वाटले, त्यांनी तो वाचला नाही किंवा वाचून बाजूला ठेवला, आणि या दोहोंपैकी कोणती गोष्ट अधिक वाईट हे मला ठरवता येत नाही.

महोदय, अशा केंद्राचा रुग्ण बरा होऊन तक्रार करायला कधीच येत नाही. इतर रुग्णालयांत चुकीची शस्त्रक्रिया झाली तर रुग्ण निदान बोलतो, दाद मागतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. येथे जो सोसतो तो जातो, आणि मागे राहिलेल्यांना आपण पुरेसे केले नाही या अपराधाच्या भावनेने इतके घेरलेले असते की बहुतेक जण बिल भरून, अस्थी घेऊन गप्प बसतात. मीही दीड महिना गप्पच होते. म्हणून इतर कोणत्याही आरोग्यसेवेपेक्षा येथे सरकारने स्वतः जाऊन पाहण्याची गरज जास्त आहे, आणि नेमके येथेच सरकार खाटांमधले अंतर मोजून परत येते.

मृत्यूच्या वाटेवरच्या माणसाची काळजी मोजता येत नाही, असे मला त्या कार्यालयात तोंडी सांगण्यात आले. हे खरे नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी योजना २०१५ पासून रुग्ण गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी घरच्या माणसाकडे प्रश्नावली पाठवते. वेदनेवर हवी तेवढी मदत मिळाली का, रात्री आणि सुटीच्या दिवशी हाक मारल्यावर कोणी वेळेवर आले का, रुग्णाशी आदराने वागले का, पुढे काय होणार हे तुम्हाला कोणी सांगितले का, असे साधे प्रश्न त्यात असतात आणि उत्तरे संस्थानिहाय जाहीर केली जातात. शेवटच्या तीन दिवसांत परिचारिका किंवा समाजसेविका किती दिवस प्रत्यक्ष भेटली, हेही तिथे मोजले जाते. त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत, तिच्यातही नफेखोरी आहे. पण प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. मला आजवर कोणीही, एकाही सरकारी किंवा खासगी माणसाने, तुमच्या आईची रात्र कशी गेली, असे विचारलेले नाही.

आणि परदेशात तरी कशाला जायचे? देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करुग्णांसाठी विनामूल्य पॅलिएटिव्ह केअर केंद्र चालते आणि तेथे घरच्या माणसाला रुग्णाजवळ ठेवून शुश्रूषा शिकवतात. आमच्या शहरात त्याच माणसाला आठ वाजता घरी पाठवतात. मुंबईच्या केईएममध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग तीन दशकांहून अधिक काळ खाटेवर असूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात घेतली आणि तिथल्या परिचारिकांना त्याचे श्रेय दिले. गर्दीने ओसंडणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे जे जमले, ते दिवसाला साडेतीन हजार रुपये घेणाऱ्या केंद्रात बारा दिवस जमले नाही, आणि आपली यंत्रणा त्याला नियमानुसार म्हणते!

नियमांचेच बोलायचे तर ते आहेत कुठे? केंद्र सरकारचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (रुग्णालय नोंदणी) कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारून त्यांत रुग्णहक्कांची सनद घालण्यात आली, आणि ती सनद त्या केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेली मी स्वतः पाहिली आहे, रात्रीच्या परिचारिकेच्या रिकाम्या खुर्चीच्या बरोबर वर. जिथे प्रसूती होते आणि जिथे माणूस शेवटचा श्वास घेतो, त्या दोन्ही जागांना एकच फूटपट्टी लावली तर शेवटच्या श्वासाच्या जागी काय तपासायचे, हे तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याला तरी कसे कळावे? त्यांना दोष देऊन मी थांबणार नाही. त्यांच्या हातात कोरा नमुना आपण दिलेला आहे.

कागदावर या देशाने काय काय केले आहे, हे गेल्या चार महिन्यांत मी रात्री जागून वाचले. २०१२ मध्ये राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला. त्याच वर्षी महाराष्ट्राने स्वतःचे धोरण जाहीर केले. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसाठी लागणारी परवान्यांची माळ तोडली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच अधिकाऱ्याची मंजुरी पुरेशी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. हे सगळे झाल्यानंतरच्या एका नोव्हेंबरमध्ये माझी आई चादर चावत गेली. मृत्यूच्या गुणवत्तेच्या २०१५च्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकात ८० देशांत आपला क्रमांक ६७वा होता. ज्यांना अशा शुश्रूषेची गरज आहे, त्यांपैकी किती जणांना भारतात ती मिळते याचा आकडा कोणी दोन टक्के सांगतो, कोणी चार. चार धरा. शंभरातल्या शहाण्णवांचे काय होते, ते मला आता माहीत आहे.

मंदसौर-नीमचच्या पट्ट्यात सरकारी परवान्याने औषधी अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आपण ती जगाला विकत आलो, आणि आमच्या शहरातल्या एकाही औषधाच्या दुकानात मॉर्फिनची गोळी मिळत नाही. ती महाग नाही, नवी नाही, दुर्मीळही नाही. तुटवडा मनाचा आहे. जिथे शस्त्रक्रियेला, केमोथेरपीला, यंत्राला पैसे मोजले जातात, तिथे कूस बदलण्याला, तोंड पुसण्याला, रात्री हाक ऐकण्याला कोणीच मोल देत नाही. आमच्या विमा कंपनीने दावा नाकारताना ‘सक्रिय उपचार दिलेले नाहीत’ असे कारण लिहिले आहे. इमारतींची उद्घाटने होतात, शिबिरांचे आकडे छापून येतात, आणि मरणाऱ्या माणसाला मत नसते म्हणून की काय, त्याच्यासाठी कोणी सभागृहात उभे राहत नाही. केरळमध्ये १९९३ साली कोळिकोडहून सुरू झालेली चळवळ २००८ मध्ये राज्याचे धोरण झाली, ग्रामपंचायतींनी परिचारिका नेमल्या आणि त्या रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या. आपण त्यांच्यानंतर चारच वर्षांनी धोरण केले होते. इतक्या वर्षांत त्या धोरणाचे काय झाले, याचा हिशेब मला, एका लेखापरीक्षकाला, कोठेही सापडत नाही.

माझी मागणी अवघड नाही. अशा केंद्रांसाठी तपासणीचा वेगळा नमुना करा आणि त्यात मॉर्फिनचा साठा व त्याची नोंदवही, प्रवेशाच्या दिवशीची आणि शेवटच्या दिवशीची त्वचा, आणि रात्रपाळीतल्या परिचारिकांची संख्या या गोष्टी आल्याच पाहिजेत. पथकात या विषयाचा डॉक्टर असू द्या, जसे मला लिहून दिले होते. गेलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी तीन महिन्यांनी एक फोन करा आणि उत्तरे लोकांना वाचायला मिळू द्या. माझी तक्रार पुन्हा उघडा.

३० नोव्हेंबरला आईला नेल्यावर मी सामान आणायला दुपारी परत गेले, तेव्हा तिच्या खाटेवर दुसऱ्या एक आजी होत्या. त्यांची मुलगी मला विचारत होती, येथे रात्री नीट बघतात ना? मी तिला काही बोलू शकले नाही. त्या खाटेवर आजही कोणीतरी असेल. यापुढची तपासणी कृपया रात्री दोन वाजता करावी, आधी न कळवता.

आपली,
एका दिवंगत रुग्णाची मुलगी

सोबत: वेदनेच्या तक्त्याची आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत