मुलांच्या हाती मूठभरच माती द्या

महोदय,

सुट्टीत संग्रहालयांमध्ये मुलांसाठी मातीकाम ठेवतात, पण बेत मोठ्यांच्या मापाने आखलेला असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला मळलेली शाडूची माती मूठभर, साधारण 150 ग्रॅम, पुरते. टेबल 50 सेंटिमीटरच उंच हवे. जाड गोळा बाहेरून आधी सुकून आकसतो, आत ओलाच राहतो आणि तडकतो. म्हणून जाडी बोटभरच ठेवावी. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत सुकायला दिवसच्या दिवस लागतात, तेव्हा घरी न्यायला खाली पुठ्ठा द्यावा. पालकांना वेगळा गोळा द्या, नाहीतर मुलाचा हत्ती तेच करून टाकतात! भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातली मातीची माणसे आधी दाखवावीत, पण पाचच मिनिटे.

– संग्रहालयातील बाल-उपक्रम आखणारे, मुंबई