मॅडम, तुमच्या पेन्सिलीतल्या 'कोणासाठी?'बद्दल

मॅडम,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "पुढचं प्रकरण कधी देतोयस" म्हणून विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितोय. रिटायर झालात तरी ओरडायचा हक्क आहेच तुम्हाला.

पहिल्या ड्राफ्टमध्ये मी झोकात लिहिलेलं, '१९४९ च्या कायद्याने खोती संपली.' (खोती म्हणजे कोकणात गावचा सारा सरकारला भरणाऱ्या खोताने कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायची पद्धत.) तुम्ही समासात बारीक अक्षरात एकच शब्द लिहिलात, 'कोणासाठी?' खरं सांगतो, डोकं फिरलं होतं माझं. अलिबागजवळच्या चरीत खोतांविरुद्ध झालेला शेतकऱ्यांचा संप १९३३ ते ३९, बाबासाहेबांचं खोती रद्द करायचं १९३७ चं विधेयक, मग ४९ चा कायदा, सगळं ओळीने लावलेलं, अजून काय पाहिजे यांना! तुम्ही म्हणालात, आधी घरी जा, आजीला विचार, मग तलाठ्याकडचे फेरफार बघ.

खोती होती तेव्हा आजी दहा-अकरा वर्षांची असेल. अर्धेल म्हणजे काय गं, विचारलं तर तिने सूप पुढे ओढलं, भाताचे दोन ढीग केले, एक लांब सरकवला, "ह्यो खोताचा." मग आपल्या ढिगातून दोन मुठी बाजूला काढल्या, "ह्या बियाण्याला." उरलं ते बघून मी गप्पच झालो. आणि फेरफारात आमच्या वाडीतल्या बऱ्याच कुळांची नावं दिसली ती कुळकायद्यातल्या कृषक दिनानंतर (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस), म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या पुढे, काहींची तर दिसलीच नाहीत.

शेतसारा, मीठ, कुळकायदा, सरकारी धोरणांवर आयुष्य घालवलंत तुम्ही, पण भर पावसात लाल डब्याने येऊन आमच्याबरोबर जमिनीवर बसून ओलसर कागद टीपकागदात ठेवणारं दुसरं कोणी मी तरी बघितलं नाही. मोडी येत नाही तोवर दप्तराला हात लावू दिला नाहीत (तेव्हा मी तुम्हाला शिव्या घातल्या, सॉरी). तुमच्या पहिल्या लेखातली चूक तर तुम्ही स्वतःच काढून दाखवलीत, खंडीचं माप सगळीकडे एकच धरून दोन तालुक्यांची तुलना केली होती. आमच्यासमोर कशाला हे, असं वाटलेलं तेव्हा. आता आकडा दिसला की आधी माप विचारतो.

आजी विचारते, ती पेन्शीलवाली बाय परत कधी येनार. सोलं वाळवून ठेवलीत तुमच्यासाठी. प्रकरण पंधरा दिवसांत देतो, या वेळी नक्की.